मी सांगितलं होतं

माझ्या घरात कापसाची गादी नाही. सुनेला वाटतं मला कमरेचं दुखणं आहे आणि डॉक्टरांनी कडक अंथरूण सांगितलंय. मी तो समज कधी खोडून काढला नाही, कारण कमरेचं दुखणं लोकांना लगेच कळतं आणि त्याबद्दल पुढे कोणी काही विचारत नाही. नांदुऱ्याच्या माझ्या दोन खोल्यांत सतरंज्या आहेत, चटया आहेत, थंडीसाठी दोन घोंगड्या आहेत. पाहुणा आला की शेजारणीकडून फोमची गादी मागून आणते आणि तो गेला की दुसऱ्या दिवशी परत करते. आमच्या वयाची माणसं बालपणाबद्दल लिहायला बसली की त्यांना चुलीवरची भाकरी आठवते, आंब्याची अढी आठवते आणि त्यांचा गळा दाटून येतो. भाकरी मलाही आठवते. आमच्या घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती, रोजची मारझोड नव्हती, कोणी दारू पीत नव्हतं. चांगलं घर होतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण माझं म्हणणं ऐकलं की माझे चुलतभाऊ पहिलं वाक्य तेच म्हणतात, की आपलं घर तर चांगलं होतं.

गाव वडनेर भोलजीच्या बाजूचं. घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, हातभर जाड भिंतींचं. घरात चालायचं ते मोठेबाबांचं. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. उंच, गोरे, धोतर नेहमी पांढरंशुभ्र, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याला वाकून ऐकावं लागे. ते कधी ओरडले नाहीत. ओरडायची गरज पडत नाही अशी माणसं जास्त घातक असतात, हे मला फार उशिरा समजलं. बाबा त्यांच्यासमोर बाजेवर बसत नसत, उभ्यानंच बोलत, आणि बोलून झालं की दोन पावलं मागे सरून मग वळत. मोठीमाय स्वयंपाकघर सांभाळायची. त्यांचे दोन मुलगे खामगावला शिकायला होते. माझी माय घरातली धाकटी सून, आणि तिच्या पदरात दोन मुलीच: मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी लहान असलेली शकू. मुलीच झाल्या म्हणून माय त्या घरात अंग चोरून वावरायची. जेवायला सगळ्यांत शेवटी बसायची आणि उठायची मात्र सगळ्यांच्या आधी.

शकू चार वर्षांची होती आणि तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. दिवसभर काऊन, काऊन चालायचं. भाकरी गोलच काऊन असते, बैल बसल्या बसल्या काऊन चावते, मोठेबाबाले सगळे काऊन भेतेत. हा शेवटचा प्रश्न तिनं एकदा भर जेवणात विचारला होता आणि मायनं तिच्या तोंडात घाईघाईनं गुळाचा खडा कोंबला होता. तिला भाकरीचा फक्त वरचा पापुद्रा आवडायचा. चुलीपाशी माझ्या मांडीवर बसून ती पापुद्रा सोलायची, त्यावर जवसाची चटणी घ्यायची आणि खालची जाड भाकर मला द्यायची. मी कुरकुर करत ती खायची. मोठीमाय म्हणायची की ह्या पोरीनं इंदीला गडी करून ठेवलंय. खरंच होतं ते. आणि मला ते आवडायचं, हेही खरं आहे.

दिवाळीच्या आगेमागे शेतात सीतादही व्हायचं. माय आणि मोठीमाय पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाची पूजा करायच्या, दहीभाताचा नैवेद्य दाखवायच्या, आणि मग वेचणी सुरू. संध्याकाळी बाया डोक्यावर गठड्या घेऊन ओळीनं अंगणात यायच्या, कापूस तोलला जायचा, आणि महिन्याभरात सगळं घर पांढरं होऊन जायचं. ओसरीत कापूस, देवापाशी कापूस, आमच्या केसांत कापूस, वरणात एखादा तंतू निघाला तर कोणी तोंड वाकडं करायचं नाही. वाऱ्याची दिशा असली तर नांदुऱ्याहून जाणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकू यायची. शकूचं म्हणणं असं की गाडीलाही कापूस बोचतो, म्हणून ती ओरडते.

विक्री होईपर्यंत कापूस मधल्या खोलीत साठवायचा. तो छातीइतका आला की दाराच्या चौकटीत आडव्या फळ्या ठोकून दार बंद करत, आणि पुढचा कापूस वरून, धाब्यातल्या झरोक्यातून टाकत. झरोका चौकोनी होता, एक माणूस शिडीनं उतरेल एवढा. मोकळा कापूस टाकला तर खोली दोन दिवसांत भरल्यासारखी दिसते, तुडवला की निम्म्यावर बसतो. तुडवायचं काम पोरांचं, कारण मोठं माणूस त्यात कमरेपर्यंत रुततं. आम्ही झरोक्यातून आत उतरायचो, उड्या मारायचो, कोलांट्या घ्यायचो. आत अर्धवट उजेड असायचा आणि उन्हाचा, धुळीचा वास कोंडलेला असायचा. आवाज जागच्या जागी विरून जायचा. वरच्या माणसाला हाक ऐकू जायची ती झरोक्याच्या अगदी खाली उभं राहून मारली तरच. म्हणून एक नियम होता. तुडवून झालं की सगळ्या पोरांनी वर यायचं, आणि त्यातल्या मोठ्या पोरानं धाब्यावरच्या माणसाला सांगायचं, 'सगळे वर आलो.' तेव्हाच पुढची गठडी सुटायची. हा नियम कोणी केला ठाऊक नाही, पण तो मोडलेला मी तोवर कधी पाहिला नव्हता.

त्या वर्षी मोठेबाबांच्या थोरल्या मुलाची, वसंतादादाची, सोयरीक जुळत होती. मुलीकडचे लोक घर पाहायला येणार होते. आमच्याकडे तेव्हा घर पाहणं म्हणजे भिंती पाहणं नव्हतं. पाहुण्यांना चहा झाला की शिडीवरून धाब्यावर न्यायचं, झरोक्यावरचा पत्रा काढायचा आणि त्यांना खाली डोकावू द्यायचं. कापूस झरोक्याच्या तोंडाला आलेला दिसला की समजायचं, पोरगी द्यायला हरकत नाही. आमची खोली त्या दिवशी झरोक्यापासून दीड पुरुष खाली होती. सकाळपासून मोठेबाबा अस्वस्थ होते. ओसरीत पडलेला, चावडीजवळच्या कोठ्यात ठेवलेला, होता नव्हता तेवढा कापूस त्यांनी गठड्या बांधून धाब्यावर चढवून घेतला. बाबा बैलगाडी घेऊन पाहुण्यांना आणायला नांदुऱ्याच्या स्टेशनवर गेले होते. अंगणात भिंतीला लागून मोठी चूल मांडली होती, तिथं माय पुरण शिजवत होती. मोठीमाय घरात पाटावरवंट्याशी होती. मी आणि शकू खोलीत तुडवत होतो.

पुढचं मी इतक्या वेळा मनात उगाळलंय की त्यातलं किती शिल्लक आहे आणि किती झिजलंय हे मलाच कळेनासं झालं होतं. आता मात्र कळतं, म्हणून लिहिते आहे. शकू उड्या मारून दमली. भिंतीच्या कोपऱ्यात तिनं हातांनी उकरून खड्डा केला, त्यात आडवी झाली आणि म्हणाली, मी आता झोपली. मी तिला उठवायला गेले तर तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. तेवढ्यात मोठेबाबांनी वरून मला हाक मारली. पाहुणे वेशीपर्यंत आले होते, त्यांच्या पायांवर पाणी घालायला घरची पोर हवी होती. मी शिडीनं वर आले. चार वर्षांची पोर उचलून शिडी चढणं मला जमणारं नव्हतं. मोठेबाबा गठडीची गाठ सोडत होते. मी म्हणाले, "मोठेबाबा, शकू आतच हाये. कोपऱ्यात झोपली. तिले काढा."

"हाव हाव, काढतो. तू जा, फराक बदल आधी," ते घाईत, नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाले. त्यांची नजर वेशीकडे होती.

मी फ्रॉक बदलला. पाहुण्यांच्या पायांवर पाणी घातलं. चार पुरुष होते, त्यातल्या एकानं माझ्या गालाला हात लावून विचारलं, कितवीत आहे. मी चौथीत म्हणाले. मग पोहे, मग चहा, मग पाहुणे शिडीनं धाब्यावर गेले. त्यांच्यामागून पाण्याचा तांब्या घेऊन मीही वर गेले. मोठेबाबांनी पत्रा सरकवला. कापूस काठोकाठ आला होता. त्यांनी वाकून त्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस वर काढून पाहुण्यांना दाखवला आणि म्हणाले, अजून शेतात एक वेचा बाकी आहे. पाहुणे खूश झाले. मी पण खूश झाले, आमचा कापूस चांगला म्हणून. शकूला त्यांनी काढलं असणार, ती पुरणाच्या वासानं मायपाशी जाऊन बसली असणार, असं मी धरून चालले होते. पुरणपोळीच्या पंगतीत मी तूप वाढलं. माझ्या मनात एकदाही शंका आली नाही. ही गोष्ट मी पुढे अकोल्याच्या डॉक्टरांना दहा वेळा सांगितली आहे, आणि दहाही वेळा ते म्हणाले की नऊ वर्षांच्या मुलीला मोठ्यांच्या शब्दावर शंका येत नसते. मला ते पटतं. आणि पुढच्या खेपेला मी पुन्हा तेच सांगते.

पाहुणे उतरत्या उन्हात गेले. दिवेलागणीच्या आधी मायनं शकूला जेवायला हाक मारली. ती आली नाही. मायनं मला विचारलं, तेव्हा मी म्हणाले की मोठेबाबांनी तिला खोलीतून काढलं ना. मोठेबाबा ओसरीच्या कडेला हात धूत होते. त्यांचे हात तसेच पाण्याखाली राहिले. मग ते धावले. मी त्यांना धावताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी आणि त्यांनी दाराच्या फळ्या उखडल्या आणि कापूस ओसरीत लोटला. बराच वेळ ते दोघं नुसता कापूस उपसत होते. शकूच्या केसांत कापूस होता. पण तो तर आम्हा सगळ्यांच्याच केसांत असायचा.

माझ्या आयुष्याचे दोन तुकडे झाले ते ह्या गोष्टीनं नाही. मरण लहान मुलांनाही कळतं, आणि त्यावर रडताही येतं. तुकडे झाले ते त्यानंतरच्या पाच मिनिटांत. माय शकूला मांडीवर घेऊन खाली बसली होती. मोठीमाय भिंतीला टेकून उभी होती. बाबांनी मोठेबाबांकडे पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदा सरळ पाहिलं, आणि विचारलं की दादा, हे कसं झालं. मोठेबाबा नेहमीसारखं हळूच बोलले.

"म्या इंदीले इचारलं व्हतं. हे म्हणे का सगळे वर आलो."

मी म्हणाले, नाही. मी म्हणाले, शकू आत आहे असं मी सांगितलं होतं. तेवढंच वाक्य मी पूर्ण करू शकले. बाबांनी माझ्या कानाखाली मारली. त्यांनी मला मारलं ते जन्मात तेवढं एकदाच.

"मोठ्या मानसाले खोटं पाडतं काय वं?"

मी मायकडे पाहिलं. ती शकूच्या केसांतला एकेक तंतू काढत होती आणि तिनं मान वर केली नाही. मला वाटलं तिला काही ऐकूच येत नाहीये, दुःखानं ती बधिर झाली आहे. पुढची पन्नास वर्षं मी तसंच समजत होते.

गावाला सांगितलं की शकू तापानं गेली. पाहुण्यांकडेही तोच निरोप गेला आणि सोयरीक टिकली. घरातल्या घरात मात्र दुसरी गोष्ट राहिली, की इंदीच्या हातून चूक झाली. मोठीमाय मला जवळ घेऊन म्हणायची, जाऊ दे, तू लहान होतीस, देवाला काळजी. इतक्या प्रेमानं म्हणायची की मला तिच्यावर रागावताही यायचं नाही. मोठेबाबांनी तर मला माफच करून टाकलं. बाजारातून येताना माझ्यासाठी वेगळी खाऊची पुडी आणू लागले. माफ करणाऱ्या माणसाला घरात केवढा मान असतो. उन्हाळ्यात वसंतादादाचं लग्न झालं, बँड आला, बुंदीच्या कढया उतरल्या. मला नवा फ्रॉक घेतला होता, आणि सोयऱ्यांपुढे फार बोलायचं नाही अशी ताकीद दिली होती. ती न देताही चाललं असतं, कारण मी बोलणं तोवर सोडूनच दिलं होतं.

पुढच्या हंगामात त्यांनी मला पुन्हा खोलीत उतरवलं. हे सांगितलं की लोक माझ्याकडे बघत राहतात, पण घरातल्या कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तुडवायला पोर लागतं, आणि घरात पोर एकच उरली होती. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर माझे कपडे ओले झाले आणि खाली उतरल्यावर मला श्वास घेता येईना. मी भिंतीला नखांनी ओरबाडत होते असं म्हणतात. घरानं निदान केलं की शकूच धरून बसली आहे. मग भगत आला, लिंबं आली, मिरच्यांची धुरी नाकापुढे धरली. शकू, सोड इले, असं तो भगत म्हणायचा, आणि मी मनात म्हणायची, नको सोडू. दोन महिन्यांनी मी चांगली झाले. म्हणजे गप्प झाले. आमच्याकडे ही दोन्ही एकच समजतात.

सगळ्यांत वाईट जे झालं ते हळूहळू झालं, आणि कोणाला दिसलं नाही. मला माझ्याच आठवणीचा भरवसा वाटेना. पहिलं वर्षभर मला पक्कं ठाऊक होतं की मी सांगितलं होतं. मग वाटू लागलं की सांगितलं असेल, पण हळू सांगितलं असेल. पंधरा-सोळाची होईपर्यंत मला माझा स्वतःचा आवाज ऐकू येऊ लागला, 'सगळे वर आलो.' स्पष्ट ऐकू यायचा. मोठेबाबांचं वाक्य माझ्या घशात कधी येऊन बसलं ते मला कळलंही नाही. मी कबूल करून टाकलं. मनातल्या मनात, कोणी न विचारता. वर्गात बाईंनी वही आणली का विचारलं तर मी दप्तर तीनदा उघडून पाहायची, कारण आणली आहे असं माझ्या डोक्यानं सांगितलेलं पुरेसं नव्हतं.

लग्न होऊन नांदुऱ्याला आले, पुढे अंगणवाडीत लागले आणि तीस वर्षं सेविका म्हणून काढली. माझ्यासारखी सेविका सापडायची नाही, असं पर्यवेक्षिकाबाई म्हणायच्या. मी दर अर्ध्या तासानं पोरं मोजायची. घरी जाणाऱ्या पोराच्या आईला तीनदा म्हणायला लावायची की पोर माझ्या ताब्यात मिळालं. बाया हसायच्या. मदतनीस म्हणायची, बाई, पोट्टे काही उडून नाही जाऊन राह्यले. घरी नवरा हसायचा, मग चिडायचा, मग त्यानं बोलणंच कमी केलं. तो वाईट माणूस नव्हता. पण मी सांगितलं होतं ना, मी सांगितलं होतं ना, असं दिवसातून दहा वेळा विचारणाऱ्या बाईबरोबर राहणं सोपं नसतं. आणि माझा मुलगा. त्याच्या तोंडावर पांघरूण गेलं असेल म्हणून मी त्याला झोपेतून हलवून उठवायची. एकदा नाही, दोनदा नाही. तो शाळेत पेंगायचा. आता तो नाशिकला असतो, स्वभावानं शांत आहे. दोन वर्षांपूर्वी चेष्टेत म्हणाला, आई, मला लहानपणी तू एकही झोप पूर्ण करू दिली नाहीस. सगळे हसले. मी आत जाऊन मोरीत तोंड धुतलं. मोठेबाबांच्या एका वाक्याचा हिस्सा माझ्या पोराच्या वाट्याला गेला, आणि तो मी माझ्या हातानं दिला.

अकोल्याच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे मी गेले ते पन्नाशी उलटल्यावर. जिनिंगच्या कारखान्यामागच्या रस्त्यानं चालले होते, हंगाम होता, हवेत तंतू उडत होते, आणि मी रस्त्याच्या मधोमध बसले ती उठेचना. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी काही झालं होतं का. मी नाही म्हणाले. दुसऱ्या खेपेला म्हणाले, माझ्या हातून बहीण गेली. त्यांनी विचारलं, तुमचं वय तेव्हा काय होतं. हा प्रश्न मला त्याआधी कोणी विचारला नव्हता. मी नऊ म्हणाले, आणि त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. त्यांनी झोप येते. भरवसा येत नाही, पण तो गोळीत येत नसावा.

मोठेबाबा नव्वद पार करून गेले, अंथरुणाला न खिळता, सगळ्यांच्या हातचं पाणी पिऊन. बाबा त्यांच्याआधीच गेले होते. शकू गेल्यावर दोन वर्षांनी मला भाऊ झाला होता, तो पुण्याला असतो. मायला तिकडची हवा मानवली नाही, म्हणून तीन वर्षांपूर्वी मी तिला माझ्याकडे आणलं. ती थकली होती, पण डोकं शाबूत होतं. मी तिला न्हाऊ घालायची, तिच्यासाठी मऊ भात आणि तुरीच्या दाण्यांची पातळ आमटी करायची. मला ते करताना बरं वाटायचं. हिची एक मुलगी माझ्यामुळे गेली, तर दुसरीनं तरी हिची दुप्पट सेवा करावी, असा माझा हिशेब होता.

एका दुपारी मी तिचे केस विंचरत होते. केस म्हणजे काय, मूठभर कापूस. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि काही विषय नसताना म्हणाली, "तू सांगतलं व्हतं."

मी विचारलं, काय सांगितलं होतं.

"शकूचं. का शकू आतच हाये म्हणून. म्या ऐकलं व्हतं. म्या खाली चुलीपाशीच व्हती. दादा हाव म्हणले, थेबी ऐकलं."

कंगवा तिच्या केसांतच राहिला. मी विचारलं, "मंग त्या रोजी काऊन नाही बोलली?"

"बोलून काय व्हतं वं. दादाले खोटं पाडलं असतं तं मले त्या घरात कोनं ठेवलं असतं? सोयरीक मोडली असती. घर मोडलं असतं." तिनं लुगड्यावर पडलेला एक केस चिमटीत उचलला. "आन तू लहान व्हती. मले वाटलं, लहान लेकरू हाये, इसरून जाईन."

ती रडली नाही. माफी मागितली नाही. मला वाटतं तिनं ते मला दिलं, देणं असल्यासारखं. थोड्या वेळानं तिनं चहा मागितला आणि मी करून दिला, आलं घालून, तिला आवडतो तसा.

मी खरी होते. ज्या एका गोष्टीसाठी मी जन्मभर तळमळले ती मला माझ्याच घरात, भर दुपारी, आपसूक मिळाली. मला वाटलं होतं असं काही कळलं की छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला नाही, त्यानं फक्त जागा बदलली. मोठेबाबांचं मी समजू शकते. भ्यालेला माणूस खोटं बोलतो, आणि समोर लहान मूल असलं की ते खोटं त्याच्या अंगावर टाकणं सोपं जातं. बाबांना तर काही ठाऊकच नव्हतं. पण हिला ठाऊक होतं. धुरीच्या वेळी माझे हात धरून बसली होती ती हीच. शिडीवरून मला पुन्हा खाली उतरवलं तेव्हाही ती अंगणातच होती. चुकीची होते तोवर मला निदान आई होती.

त्यानंतर माय चार महिने जगली. मी तिचं काही कमी केलं नाही. वेळेवर जेवण, वेळेवर औषध, रोज पाठीला तेल. लोक म्हणाले, इंदूनं आईचं जेवढं केलं तेवढं कोणी करत नाही, आणि ते खरंच आहे. फक्त त्या दुपारपासून मी तिला माय म्हणून हाक मारली नाही. ठरवून नव्हतं केलं ते. तोंडातून शब्दच निघत नव्हता. उठ, जेव, औषध घे, एवढंच.

तिच्या ते ध्यानात आलं होतं. शेवटच्या आठवड्यात मी तिच्या पाठीला तेल लावत असताना तिनं विचारलं, "तू आजकाल मले हाक काऊन नाही मारत वं?"

"मारली तं व्हती सकायीच," मी म्हणाले. "दोनदा मारली. तुले ऐकू नाही आली."

ती जरा गोंधळली. मान वळवून माझ्याकडे पाहायला गेली, मग तिचं तिलाच काही आठवेनासं झालं असावं. "असंन," ती म्हणाली, "आता कानाचं काही खरं नाही."

मी तिच्या पाठीला तेल लावत राहिले. तिला ते खरं वाटलं.